बँकवाल्याला मानपत्र कशासाठी द्यायचे? वैकुंठभाई मेहता यांच्या निमित्ताने



आजचा विषय फलकावर वाचून दोघातिघांनी आम्हाला दारातच अडवले. म्हणाले, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता बँकेकडे कुठे वळलात?" प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचे तर आधी एक कबुली द्यावी लागेल. ती देऊन टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शहरातील एका नागरी सहकारी बँकेच्या अध्यक्षांचा मोठा सत्कार झाला. मानपत्राचा मजकूर लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. निवृत्त प्राध्यापकाकडे अशी कामे येतातच. भाषा बरी असते आणि वेळ भरपूर असतो. आम्ही मानपत्र लिहिले आणि व्यासपीठावरून वाचलेही. 'दानशूर' लिहिले, 'नवउद्योजकांचे आधारवड' लिहिले. 'ज्यांच्या दारातून कोणीही रिकाम्या हाताने परतले नाही' हे वाक्य तर आम्हाला स्वतःलाच फार आवडले होते. त्यावर टाळ्याही पडल्या.

त्यानंतर तीनचार वर्षांत त्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सकाळी सात वाजल्यापासून रांग लागली. त्या रांगेत आम्हीही होतो, कारण थोडी ठेव आमचीही होती. आमच्या पुढे आमच्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयातले एक निवृत्त शिपाई उभे होते. फंडाची सगळी रक्कम त्यांनी तिथे ठेवलेली. त्यांनी मागे वळून पाहिले, नमस्कार केला आणि म्हणाले, "सर, ते मानपत्र तुम्हीच वाचलं होतं ना? मी होतो त्या दिवशी. ऐकून बरं वाटलं, म्हणून भावाचेपण पैसे तिथंच ठेवले."

आवाजात राग अजिबात नव्हता. राग असता तर आम्हाला उत्तर देता आले असते.

घरी येऊन आम्ही त्या मानपत्राची प्रत काढली आणि परीक्षक जसा पेपर तपासतो तशी तपासली. काय काय होते त्यात? शाळेला दिलेली देणगी, गणेशोत्सवाला दिलेली वर्गणी, रुग्णवाहिका, कुस्त्यांचे मैदान, नवी इमारत. आणि काय नव्हते? बँकेची थकबाकी किती, ऑडिटचा वर्ग कोणता, सर्वांत मोठी दहा कर्जे कोणाला दिली, संचालकांच्या नातेवाइकांना किती गेली. यातले एक अक्षर नव्हते. जे आम्हाला आवडले होते, तेच वाक्य खरे तर धोक्याची घंटा होती. ज्या बँकेच्या दारातून कोणीच रिकाम्या हाताने परतत नाही, ती बँक एक दिवस ठेवीदाराला रिकाम्या हाताने परत पाठवते.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या डोक्यात आहे. व्यापारात पुढाकार घेणारा आणि समाजाच्या उपयोगी पडणारा बँकवाला आपल्याला भेटला, तर त्याचा गौरव नक्की कशासाठी करायचा? या प्रश्नाचे उत्तर हवेत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावे, म्हणून आम्ही एका माणसाच्या कामाकडे वळलो. त्यांचे नाव वैकुंठलाल लल्लूभाई मेहता. लोक त्यांना वैकुंठभाई म्हणत.

पण वैकुंठभाईंकडे जाण्याआधी आपल्याला एका गावी जायचे आहे. गावाचे नाव सुपे. आज ते पुणे जिल्ह्यात, बारामती तालुक्यात येते. १२ मे १८७५ हा तिथला बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला, आणि हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. आपण त्याला दख्खनचे दंगे म्हणतो. पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला अचानक मोठा भाव आला होता, सावकारांनी हात सैल सोडला होता. युद्ध १८६५ साली संपले, भाव उतरले. त्यातच सारा वाढला. दिवाणी कोर्टांत कागदावर जे असेल तेच खरे, आणि कागद लिहिणारा सावकार, अंगठा उठवणारा शेतकरी.

आता लक्ष देण्याजोगी गोष्ट बघा. जमावाला मुख्यतः हवी होती कर्जखते. जिथे कागद मुकाट्याने मिळाले तिथे सहसा मोठी मारहाण झाली नाही. कागदांची होळी केली आणि लोक घरी गेले. कारण मनुष्य आणि मनुष्य यांच्यातला व्यवहार आता त्या कागदात जाऊन बसला होता.

मराठीत 'पत' हा फार चांगला शब्द आहे. पत म्हणजे अब्रू, आणि पत म्हणजे कर्ज मिळण्याची पात्रता. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, कारण एकेकाळी ती एकच गोष्ट होती. गावातल्या चार माणसांना ज्याचा शब्द माहीत आहे, त्याला पत आहे. सुप्याला त्या दिवशी जे जळाले ते पाहिले तर असे म्हणता येईल, की कागद उरला होता आणि पत संपली होती. पुढच्या सगळ्या सहकारी चळवळीचा प्रश्न एकच होता: गरीब शेतकऱ्याला पत परत कशी मिळवून द्यायची?

सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कोर्टाला कर्जाच्या मुळाशी जाण्याचा अधिकार मिळाला, त्याने काहीसा दिलासाही मिळाला. पण कायदा सावकाराला अडवू शकतो, पेरणीच्या वेळी बियाण्याला पैसे देऊ शकत नाही. हे ओळखून विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी शेतकी बँकेची योजना मांडली. पुरंदर तालुक्यात ती प्रयोग म्हणून राबवायची होती. हिंदुस्थान सरकार अनुकूल होते, पण लंडनहून भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनी एकमेकांच्या बचतीतून एकमेकांना कर्ज द्यावे, अशी ती रचना होती. तेव्हा सहकाराचा कायदाही नव्हता. कायदा आला १९०४ साली.

इथे आपण थोडे थांबू, कारण या कायद्यामागची कल्पना समजल्याशिवाय वैकुंठभाईंचे काम समजत नाही. जर्मनीतल्या रायफायझनची ही कल्पना. एका गावातले दहावीस शेतकरी एकत्र येतात. एकट्याला कोणी उभे करत नाही, पण सगळे मिळून एकमेकांना जामीन राहतात, आणि तेही अमर्याद जबाबदारीने. एकाने बुडवले तर बाकीच्यांच्या घरादारावर येणार. त्यामुळे कर्ज कशासाठी मागितले, बैल खरेच आणला की लग्नात उडवले, हे शेजारी बघतात. तारण म्हणजे शेजाऱ्याची नजर. पण या मंडळीकडे पैसे येणार कुठून? गावात बचत नव्हती. पैसे होते मुंबईत. मुंबईच्या ठेवीदाराने मावळातल्या किंवा नीरेकाठच्या अनोळखी शेतकऱ्यावर विश्वास का ठेवावा? यासाठी मध्ये एक बँक हवी होती.

ती बँक १९११ साली उभी राहिली. पुढाकार दोघांचा. एक गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी देऊन आईचे नाव दिले, तेच हे. दुसरे भावनगरचे लल्लूभाई सामळदास. बँकेचे नाव बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक. पुढे ती प्रांतिक सहकारी बँक झाली आणि महाराष्ट्र झाल्यावर राज्य सहकारी बँक. सरकारने तिच्या कर्जरोख्यांवरील व्याजाची हमी घेतली. बँकेच्या डोळ्यांसमोर सुरुवातीलाच कोण होते? नीरा कालव्यावरचे ऊस उत्पादक. कालव्याचे पाणी आले, उसाचा गूळ होऊ लागला, पण उसाला भांडवल फार लागते, आणि ते पुन्हा सावकाराकडूनच येत होते. बँकेने बारामतीला शाखा काढली. म्हणजे बघा, जिथे कर्जखतांची होळी झाली, त्या सुप्याच्या शेजारी चारेक दशकांनी कर्ज देणारी एक वेगळी पेढी आली. सुप्याचे सावकार मारवाडी आणि गुजराती होते, आणि ही बँक उभी करण्यात पुढे होते तेही मुंबईतले गुजराती उद्योजक. जात आणि प्रांत पाहून माणसाची पारख करणाऱ्यांनी हे दोन दाखले शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

लल्लूभाईंचे चिरंजीव वैकुंठभाई. जन्म २३ ऑक्टोबर १८९१. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. घरची परिस्थिती उत्तम, वडिलांचे नाव मोठे. सिंदिया जहाज कंपनीच्या उभारणीतही लल्लूभाई होते. धाकटे बंधू गगनविहारी पुढे अमेरिकेत भारताचे राजदूत झाले. अशा घरातला हुशार पदवीधर मुलगा मनात आणता तर कुठल्याही मोठ्या कंपनीत गेला असता. तो १९१२ च्या सुमारास या नव्या सहकारी बँकेत गेला आणि सुमारे पस्तीस वर्षे तिथेच राहिला. व्यवस्थापक झाला, कार्यकारी संचालक झाला, पण बँक बदलली नाही.

वडिलांच्या बँकेत मुलगा लागला, हे वाक्य आज ऐकले की आपल्या कपाळावर आठी पडते, आणि पडायलाच हवी. आम्हीही इथे अडखळलो. परंतु नातेवाइकाची नेमणूक झाली एवढ्यावर न थांबता, त्या नेमणुकीचे पुढे काय झाले हेही पाहावे लागते. वैकुंठभाईंच्या बाबतीत पस्तीस वर्षांचा हिशेब समोर आहे.

मुंबईतल्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याने कधी न पाहिलेल्या गावातल्या सोसायटीला किती कर्ज द्यायचे? कमी दिले तर शेतकरी पुन्हा सावकाराकडे. जास्त दिले तर परतफेड होणार नाही, आणि जाईल तो मुंबईच्या ठेवीदाराचा पैसा. या दोन चुकांच्या मधून वाट काढणे हाच सहकारी बँकरचा रोजचा धंदा. त्याला प्रत्येक सोसायटीची कर्जमर्यादा ठरवावी लागते, निरीक्षक पाठवावे लागतात, पीक विकल्यावर वसुली गाठावी लागते, आणि विक्री व्यापाऱ्याच्या हातात राहिली तर वसुलीही त्याच्याच हातात जाते, म्हणून कर्जाची सांगड सहकारी विक्रीशी घालावी लागते. मुंबई प्रांतातल्या या शिखर बँकेचे एक वैशिष्ट्य होते. जिथे जिल्हा बँक नव्हती तिथे ती स्वतःच्या शाखा काढून थेट गावच्या सोसायट्यांशी व्यवहार करी. म्हणजे तिला खेड्याचे तोंड रोज पाहावे लागे.

दुसरे काम माणसे घडवण्याचे. सोसायटीच्या सचिवाला हिशेब लिहिता आला पाहिजे आणि सभासदाला तो विचारता आला पाहिजे. त्यासाठी मुंबईत सहकारी संस्था उभी राहिली, त्रैमासिक निघाले, सचिवांचे वर्ग चालले. सेवासदनचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्यासारखे भारत सेवक समाजातले लोक या कामात होते, आणि वैकुंठभाई त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते. बँकवाल्याची नागरी सेवा म्हणजे बँकेबाहेर केलेले दान, अशी आपली समजूत झाली आहे. इथे नागरी सेवा बँकेच्या कामाच्या आतच होती.

मग १९२९ नंतरची मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. ज्या शेतकऱ्याने चांगल्या भावाच्या भरवशावर कर्ज घेतले, त्याच्या हातात हप्त्याएवढेही पैसे येईनात. देशभर सहकारी संस्थांची थकबाकी फुगली. ब्रह्मदेशातली प्रांतिक सहकारी बँक तर बुडालीच. मुंबईची बँक या काळातून तरली. मंदीतून एखादी बँक तरली, याची बातमी होत नसते. त्या दिवशी रांग लागत नाही, कोणी हार घालत नाही. ठेवीदार येतो, पैसे काढतो, चहा पिऊन घरी जातो. आमच्या मते बँकवाल्याच्या गौरवाची जागा नेमकी ही आहे. पण जे घडले नाही त्याचे मानपत्र लिहायला आम्हा लेखनिकांना येत नाही. रुग्णवाहिकेचे लिहायला येते.

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाला थोडी मोकळीक द्या. मनुस्मृतीतल्या इतर अनेक गोष्टींशी आमचे भांडण आहे, पण तिच्यातली व्यवहाराच्या खटल्यांची यादी पाहण्यासारखी आहे. अठरा प्रकारचे खटले सांगितले आहेत. पहिला ऋणाचा. दुसरा निक्षेपाचा, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेल्या ठेवीचा. तिसरा, मालक नसताना वस्तू विकण्याचा. हा क्रम आम्ही वर्गात अनेकदा शिकवला असेल, पण त्या रांगेत उभे राहीपर्यंत आम्हाला कळले नव्हते की ही तीन कलमे म्हणजे बुडालेल्या बँकेची कुंडली आहे. आणि आपल्या परंपरेत दानाची व्याख्या काय? आपले स्वत्व सोडायचे आणि दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करायचे. म्हणजे जे आपले आहे तेच दान करता येते. ठेव बँकेच्या अध्यक्षाची नसते. मग तिच्या जोरावर तो 'दानशूर' कसा होईल? हा शब्द आम्ही मानपत्रात लिहिला तेव्हा आम्ही, तत्त्वज्ञानाचे डॉक्टर, व्याख्या विसरलो होतो.

वैकुंठभाई गांधीजींच्या विचारातले. गांधीजींची विश्वस्तपणाची कल्पना पुष्कळांना भाबडी वाटते. गिरणीमालकाने स्वतःला गिरणीचा विश्वस्त समजावे, तो कशाला समजेल, असे विचारतात. पण बँकवाल्याच्या बाबतीत 'समजण्या'चा प्रश्नच नाही, तो वस्तुतः विश्वस्त आहे. त्याने फक्त ते विसरू नये, एवढीच अपेक्षा.

१९४६ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात वैकुंठभाई अर्थमंत्री झाले. सहकार खातेही त्यांच्याकडे होते. १९५२ पर्यंत ते मंत्री होते. याच काळात १९४७ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, आणि याच काळात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करत होते. शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर कारखाना चालेल, यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता. वैकुंठभाई त्या थोड्यांपैकी. पुढे ते अखिल भारतीय खादी आणि ग्रामोद्योग मंडळाचे आणि नंतर आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ साली, पद्म पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हेही एक मानपत्रच होईल, आणि एकदा हात पोळलेला माणूस तसे करणार नाही.

त्याच १९५४ साली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल आला. गोरवाला समिती म्हणून ती प्रसिद्ध आहे; गाडगीळ तिचे सदस्य होते. पाहणी १९५१-५२ ची. शेतकऱ्याने घेतलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा किती? ३.१ टक्के. सावकारांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास. कायदा होऊन जवळजवळ अर्धे शतक झाले होते. आकडा देशाचा आहे आणि मुंबई प्रांताची स्थिती इतरांपेक्षा बरी होती, हे खरे. पण वैकुंठभाईंच्या पिढीने आयुष्य घातले त्याचे फळ देशाच्या पातळीवर एवढे होते. शिवाय जे पोचले ते कोणाला? ज्याच्याकडे जमीन आहे त्याला. त्यातही ज्याच्याकडे कालव्याचे पाणी आहे त्याला अधिक. कोरडवाहू शेतकरी, कूळ, भूमिहीन मजूर यांच्यापर्यंत ही पत फार कमी पोचली. बारामतीच्या शाखेतून जो उसाचा मळा पिकला, त्याच्या बांधापलीकडच्या माणसाचा इतिहास वेगळा आहे.

गोरवाला समितीने उपाय सांगितला: सोसायट्या मोठ्या करा आणि सरकारने त्यात भागीदार व्हावे. पुढे १९६० साली सहकारी पतपुरवठ्यावर आणखी एका समितीने अहवाल दिला. तिचे अध्यक्ष होते वैकुंठभाई. वय सत्तरीकडे झुकलेले. त्यांच्या समितीने म्हटले, सोसायटीचा पाया गाव हाच असावा. आर्थिकदृष्ट्या टिकण्यासाठी शेजारची गावे जोडावी लागली तर जोडा, पण गरजेपुरतीच. वरकरणी हा वाद आकाराचा दिसतो. खरा वाद नजरेचा आहे. माणसे एकमेकांना ओळखत नसतील तर शेजाऱ्याची नजर हे तारण उरत नाही, आणि तिच्या जागी येते वरून आलेला पैसा आणि वरून आलेला माणूस.

या वादात कोण बरोबर होते? दोघांकडे काही सत्य होते. लहान सोसायटीचा सचिवाचा पगारही निघत नाही, हे गोरवालांचे म्हणणे खोटे नव्हते. पण पुढे काय झाले हेही आपल्यासमोर आहे. सहकारी बँकेतील पद ही राजकारणाची पायरी झाली. आणि १९११ साली निघालेली तीच शिखर बँक २०११ साली, बरोबर शंभराव्या वर्षी, अशा अवस्थेला आली की तिचे संचालक मंडळ दूर करून प्रशासक नेमावे लागले. वैकुंठभाई २७ ऑक्टोबर १९६४ रोजी गेले. त्यांना हे पाहावे लागले नाही.

मग आपण त्यांचा गौरव कसा केला? पुण्यात त्यांच्या नावाची राष्ट्रीय सहकार व्यवस्थापन संस्था आहे, विद्यापीठ रस्त्यावर. आपण सगळे तिला 'वॅमनिकॉम' म्हणतो. आम्ही एकदा रिक्षात बसून "वैकुंठ मेहता संस्थेत चला" म्हणालो, तर रिक्षावाल्याने शंका काढली, "म्हणजे वैकुंठला ना?" पुणेकरांना हसू आले, बाहेरच्यांसाठी सांगतो: वैकुंठ हे पुण्यातल्या स्मशानभूमीचे नाव. हसण्यावारी नेऊ, पण लघुरूपात माणूस हरवतो तो असा.

याउलट एक जुना दाखला आहे. १९०६ साली मुंबईत श्रीपाद सुब्बराव तल्माकी यांनी सारस्वत समाजातल्या बेताच्या उत्पन्नाच्या लोकांसाठी सहकारी पतसंस्था काढली. तिला नाव कोणाचे दिले? स्वतःचे नाही. आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांचे. पुढे ती शामराव विठ्ठल सहकारी बँक म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तल्माकींचे नाव किती खातेदारांना ठाऊक असेल, कोण जाणे. संस्थेच्या कपाळावर आपले नाव न लिहिणारा संस्थापक, ही सुद्धा ठेवीदाराच्या दृष्टीने एक हमीच आहे. त्याला ती संस्था आपली मालमत्ता वाटत नाही.

तेव्हा बँकवाल्याला मानपत्र जरूर द्यावे. आम्ही सत्काराच्या विरुद्ध नाही. समाजाने चांगल्या माणसाला चांगले म्हणणे बंद केले तर वाईट माणसे जाहिरात देऊन म्हणवून घेतात. पण मानपत्र लिहिण्याआधी आम्ही आता तीन प्रश्न विचारतो. यांनी कर्ज कोणाला नाकारले? त्यात एखादा वजनदार माणूस, एखादा नातेवाईक आहे का? बँकेचा शेवटचा सभासद, अगदी एका भागाचा धनी, वार्षिक सभेत उभा राहून हिशेब विचारू शकतो का? आणि हे खुर्चीवरून उठले तर बँक दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर उघडेल का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर मग रुग्णवाहिकेचा उल्लेख खुशाल करावा.

ग्रंथालयातल्या त्या आमच्या सहकाऱ्यांचे काय झाले, हे तुम्ही विचारण्याआधी सांगतो. तेव्हा ठेवविम्याची मर्यादा एक लाख होती. ती पाच लाख झाली २०२० साली. बँक अवसायनात निघाल्यावर, बऱ्याच उशिराने, त्यांना लाख रुपये मिळाले. भावालाही त्याच्या नावाचे तेवढे मिळाले. उरलेल्यातले काही अजून यायचे आहे. आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. माफी मागितली. ते म्हणाले, "सर, तुम्ही काय बँक चालवत होतात का?" हे त्यांचे मोठेपण. पण शब्द चालवत होतो आम्ही, आणि त्यांनी ठेव ठेवली ती शब्दावर.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका पतसंस्थेचे पत्र आले. अध्यक्षांचा अमृतमहोत्सव आहे, मानपत्र लिहून द्यावे. आम्ही उलट टपाली कळवले, आनंदाने लिहू, फक्त गेल्या पाच वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आधी पाठवा. आम्हाला वाटले, आता पुन्हा पत्र यायचे नाही. पण परवा एक जाड पाकीट आले, पाचही अहवाल आत. सोबत अध्यक्षांच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, की दुसऱ्या वर्षीच्या अहवालात एक दोष दाखवला आहे तो आवर्जून वाचावा, तो अजून पुरता दूर झालेला नाही.

आम्ही वाचायला घेतले आहेत. आकडेमोडीत आम्ही कच्चे, म्हणून एका विद्यार्थ्याला सोबत बसवले आहे. मानपत्र लिहायला बहुधा हरकत नसावी, पण अजून दोन अहवाल व्हायचे आहेत.